न जाण्याची कमाई

पेट्रोलची गाडी होती तेव्हा पुण्याहून नंदेवाडीला जाऊन यायला चार हजार तीनशे पंचाहत्तर रुपये लागायचे. हा आकडा मला अजून तोंडपाठ आहे, कारण त्या काळात मी तो भेटेल त्याला ऐकवत असे. मंगळवेढ्याच्या पुढे बारा किलोमीटरवर नंदेवाडी. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, लिटरला सोळाचं अ‍ॅव्हरेज, आणि लिटरचा भाव एकशे चाळीस. पंपावर मी मीटरच्या आकड्यांकडे बघत उभा राहायचो आणि जगातल्या यच्चयावत तेलवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचो. पण जायचो. अक्काचा फोन सकाळी आला तर दुपारी उशिराच्या जेवणाला आम्ही तिच्या ओसरीवर असायचो. वर्षातून आठ-दहा वेळा तरी हे व्हायचंच.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती बारा. तिनं मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत ओढत नेलं, आणि स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा 'धन्या माझ्यासंगं येणार' असं सासरच्यांना तोंडावर सांगितलं. दाजी भला माणूस. दहा वर्षांचा मेहुणा पदरात पडला तरी त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पुढे मी इंजिनियर झालो, पुण्याला आलो, वीज कंपनीच्या दर ठरवणाऱ्या शाखेत एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झालो. या सगळ्याच्या मुळाशी अक्का आहे हे मी कधी विसरलो नाही. निदान माझी तशी समजूत होती.

विजेची गाडी घेतली तेव्हा तीच फेरी सहाशे रुपयांत होऊ लागली. पंचाहत्तर युनिटं, आठ रुपयांनी. मी अक्षरशः हवेत होतो. बायको सुलभा म्हणायची, "अहो, आता पाहुण्यांना चहा तरी घेऊ द्या आधी, मग सांगा युनिटचा भाव." पहिल्या वर्षी आम्ही नंदेवाडीला बारा वेळा गेलो. मग मुनीम आला, आणि २०३९ साल संपत आलं तेव्हा त्या वर्षातल्या आमच्या फेऱ्या झाल्या होत्या दोन.

मुनीम म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्यात माझाही हात आहे.

विजेचं एक दुखणं आहे. धान्यासारखी ती पोत्यात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. जास्त झाली किंवा कमी पडली तर तारांमधल्या प्रवाहाची लय बिघडते. ती सेकंदाला पन्नास आवर्तनांची असावी लागते, आणि फार ढळली तर गावंच्या गावं अंधारात जातात. गेल्या पंधरा वर्षांत आपण माळरानं सौर पट्ट्यांनी मढवली, त्यामुळे भर दुपारी वीज इतकी होते की घेणारा सापडत नाही. संध्याकाळी सातला सूर्य नसतो, आणि नेमके तेव्हाच सगळ्यांचे दिवे, पंखे, शेगड्या चालू होतात. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कुठे, हा सगळा प्रश्न आहे.

उत्तर आपापल्या पार्किंगमध्ये उभं होतं. मोटार दिवसातले बावीस-तेवीस तास नुसती उभी असते, आणि तिच्या पोटात साठ युनिटं मावतात. एका घराला ती आठवडाभर पुरतील. मग दोन्हीकडून चालणारे चार्जर निघाले. दुपारी स्वस्तात वीज गाडीत घ्यायची, संध्याकाळी महागात परत विकायची. दर पंधरा मिनिटांनी भाव बदलतो, आणि हवामानाच्या अंदाजावरून पुढच्या दहा दिवसांचा भाव आधीच बऱ्यापैकी कळतो. एवढी खरेदी-विक्री माणसाच्यानं होणार नाही, म्हणून पार्किंगच्या भिंतीवर डब्याएवढं एक यंत्र बसवतात. लोकांनीच त्याला मुनीम म्हणायला सुरुवात केली.

निवृत्तीनंतर मी या योजनेच्या समितीवर होतो. चाचणीच्या काळात एक अडचण आली. मुनीम रोज सकाळी मालकाला विचारायचा, 'उद्या गाडी लागणार आहे का?' आणि लोक जुन्या सवयीनं 'हो' म्हणून टाकायचे. असावी भरलेली, कधी लागेल सांगता येत नाही. मग ती बॅटरी अडकून पडायची. तेव्हा मी सुचवलं की प्रश्नाच्या खाली लाल अक्षरांत लिहा, 'हो' म्हटल्यास तुमचं किती नुकसान होईल. बस, एवढंच. महिन्याभरात 'हो' म्हणणारे निम्म्यावर आले. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराच्या भाषणात मी पेट्रोलचा तो आकडाही सांगितला आणि टाळ्या घेतल्या.

त्या भाषणात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पूर्वी कुठे जायचं तर पैसे पडायचे. आता जायला जवळपास काहीच पडत नव्हतं, पण न जाण्याचे पैसे मिळायला लागले होते.

डिसेंबरच्या एका शुक्रवारी सकाळी अक्काचा फोन आला.

"धनू, हुरडा आलाय बग."

"कसा आहे यंदा?"

"लई गोड. थंडी चांगली पडली न्हवं औंदा. सोम्यानं मधल्या तुकड्यात मालदांडी केलीया, तिचा हाय. दाताखाली दूध निघतंय नुसतं."

"येतो की."

"सवडीनं ये. घाई काय न्हाई."

आमच्या घरात 'तुझी आठवण येते' असं कुणी कुणाला म्हणत नाही. हुरडा आलाय म्हणतात. ज्वारीचं कणीस कोवळं असतं ते आठ-दहा दिवस, त्यानंतर दाणा घट्ट होतो आणि हुरड्याची ज्वारी होते. तेव्हा हुरड्याला सवडीनं ये याचा अर्थ उद्या नीघ, हे मला न सांगता कळत होतं. आणि न कळण्याची सोयही उरली नाही, कारण दहाच मिनिटांनी सोमनाथचा, म्हणजे माझ्या भाच्याचा फोन आला. तो रानातून बोलत होता.

"मामा, आईनं डोळ्याचं सांगितलं न्हाई ना?"

"नाही. काय झालं?"

"डावा तर दोन वर्षापूर्वीच गेला. आता उजव्याला पण तेच सुरू झालंय. पडद्याच्या मागच्या बारीक शिरा फुटतात म्हणं. सोलापूरच्या डॉक्टरनी सुई दिलीया. टिकंल तवर टिकंल म्हणले. दोन वर्षं टिकंल, न्हाईतर दोन महिने. ती म्हणती, दिसतंय तवर धनूला एकदा नीट बघून घेते. तुमाला सांगू नको म्हणलीया. तुमी आपलं हुरड्यालाच आलाय असं करा."

मी सुलभाला सांगितलं. ती उठली आणि कपाटावरची बॅग खाली काढली. मी फोन उघडला. मुनीमचा रोजचा प्रश्न वाट बघत होता. 'उद्या गाडी लागणार आहे का?' त्याखाली माझीच लाल अक्षरं. 'हो' म्हटल्यास अंदाजे नुकसान नऊशे ऐंशी रुपये.

एरवी हा आकडा शंभर-दीडशेच्या पुढे जात नसे. मी हवामान बघितलं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता, राज्यभर ढग येणार होते, वाराही पडला होता. म्हणजे सौर वीज नाही, पवनचक्क्या ठप्प, आणि संध्याकाळचा भाव तीस रुपयांवर. अंदाजात मंगळवारी ऊन दिसत होतं.

"मंगळवारी जाऊ," मी म्हणालो.

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. "दोन महिनेच म्हणालाय सोमनाथ. तेही टिकलं तर."

"अगं, चार दिवसांनी काय होतंय? दोन महिने हातात आहेत."

मी 'नाही'वर बोट ठेवलं.

रविवारी भाव तेहतीस झाला. सोमवारी पट्टा पुढे सरकायच्या ऐवजी तिथेच बसला, आणि अंदाजातलं ऊन मंगळवारवरून गुरुवारवर गेलं. मंगळवारी सकाळी मुनीमचा संदेश आला, 'तुमच्या गाडीनं काल संध्याकाळी बावीस घरांना वीज दिली. आभार.' मी तो सुलभाला वाचून दाखवला. बावीस घरं! त्यांत एखादं आजारी माणसाचं घर असेल, एखाद्या पोराची परीक्षा असेल. मला खरोखर वाटत होतं की मी काहीतरी चांगलं करतोय. आपण जे करतोय ते चांगलंच आहे असं मनाला पटवणं मला कधी जड गेलं नाही.

"आपण एसटीनं जाऊ," सुलभा म्हणाली.

"घरात गाडी उभी असताना एसटीनं? लोक हसतील."

"मग वाटेत चार्जिंग करा. हायवेला शंभर ठिकाणं आहेत."

"वाटेत बेचाळीसचा भाव चाललाय. म्हणजे इथे तीसनं विकायची आणि तिथे बेचाळीसनं विकत घ्यायची! कुणी शहाणा माणूस करेल का हे?"

तिनं पोळपाट बाजूला ठेवला. "तुम्हाला पैशांची गरज आहे का हो?"

"प्रश्न पैशांचा नाही."

"मग कशाचा आहे?"

त्याचं उत्तर मला आज देता येतं. माझं पेन्शन भरपूर आहे, मुलगी तिच्या घरी सुखात आहे. रोजचे हजार रुपये मिळाले काय आणि न मिळाले काय, आमच्या चहात साखर तेवढीच पडणार होती. पण तो लाल आकडा डोळ्यांसमोर असताना 'हो' म्हणणं म्हणजे हिशेबात हरणं, आणि हिशेबात हरायला मी कधी शिकलो नाही. दुसऱ्यांसाठी मी जो सापळा लावला त्यात मीच रोज सकाळी चहा घेता घेता पाय घालत होतो, आणि वर खुश होत होतो.

बुधवारी अक्काचा पुन्हा फोन आला.

"धनू, ढगाळ हाय रं लई. कणसावर चिकटा पडाय लागलाय. सोम्या म्हणतो तीन-चार दिस ऱ्हाईल हुरडा."

ढगाळ हवेत ज्वारीवर मावा येतो आणि पानं, कणसं चिकट होतात. ज्या ढगांनी माझा भाव चढत होता तेच तिथे हुरडा घालवत होते.

"रविवारी नक्की, अक्का. रविवारपासून हवा सुधारतेय."

"बरं. रविवारी तर रविवारी. मी हाय की हितंच."

"तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीया?" ती हसली. "सुलभाला म्हणावं, लसणाची चटणी कुटून ठेवलीया."

फोन ठेवल्यावर मला एकदा वाटलं की आत्ता उठावं आणि निघावं. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, खरंच वाटलं होतं. बुधवारचा लाल आकडा अकराशे साठ होता. मी 'नाही' म्हटलं. गुरुवारी म्हटलं. शुक्रवारीही म्हटलं.

शनिवारी सकाळी साडेसातला सोमनाथचा फोन आला. तो धड बोलतही नव्हता.

"मामा, आईला उठल्यापासनं मधलं दिसंना झालंय. भाकरी थापाय बसली आन म्हणली, तवा कुठाय. मी सोलापूरला घेऊन चाललोय."

आम्ही दहा मिनिटांत निघालो. गाडीत बावीस टक्के होते. मुनीमनं काही चूक केली नव्हती. मी 'नाही' म्हटलं होतं, आणि रविवारी दुपारी वीज फुकटाच्या भावात मिळणार होती, तेव्हा शुक्रवारी रात्री भरून ठेवण्यात त्याला काही अर्थ दिसला नाही. मलाही दिसला नसता. पाटसला थांबावं लागलं. पुढे चार गाड्या होत्या. पाऊण तास आम्ही रांगेत होतो आणि पाऊण तास चार्जरला. त्या दीड तासात सुलभा एकच वाक्य बोलली. पाटीवरचा भाव तिनं मोठ्यानं वाचला, "बेचाळीस रुपये."

आणि माझ्या डोक्यानं त्याही वेळी हिशेब केला. किलोमीटरला सव्वासहा, पेट्रोलपेक्षा तरीही अडीच रुपयांनी स्वस्त. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

नंदेवाडीत पोचलो तेव्हा सोमनाथ अक्काला घेऊन नुकताच परतला होता. त्यानं मला दारातच थांबवून हळू आवाजात सांगितलं. पडद्याच्या बरोबर मधे रक्त उतरलं होतं. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो ते सगळं पडद्याच्या मधल्या हरभऱ्याच्या दाण्याहून लहान जागेनं. तेवढी जागा गेली की बाकीच्या पडद्याला कडेकडेचं दिसतं, भिंत, दार, कुणी हललेलं. तेवढं अक्काला यापुढेही दिसणार होतं. मधलं परत येणार नव्हतं.

"काल संध्याकाळपर्यंत चांगलं दिसत हुतं मामा," तो म्हणाला. "काल तांदूळ निवडले तिनं."

अक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पावलं वाजली तशी तिनं मान वर केली.

"आलास व्हय?"

मी तिच्या समोर बसलो. तिनं माझ्याकडे सरळ बघितलं, क्षणभर तशीच राहिली, आणि मग तोंड फिरवून दाराकडे बघत बसली. मला वाटलं, रागावली आहे. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. ती रागावली असती तर मला पाय धरता आले असते.

सोमनाथची बायको म्हणाली, "मामा, तसं तोंड फिरवलं की त्यास्नी कडंनं जरा दिसतंय."

"निळा सदरा घातलाय न्हवं?" अक्कानं दाराकडे बघतच विचारलं.

"हो, अक्का."

"सदरा दिसतोय. तोंड न्हाई दिसत. तिथं काळं हाय." तिनं पुन्हा एकदा मान थोडी हलवून बघितली, इकडून, मग तिकडून. "बारीक झालायस का?"

"नाही गं. आहे तसाच आहे."

"मग ठीक हाय. हुरडा संपला बग. परवाच संपला. सोम्या म्हणला, मामासाठी एक वाफा ठिवतो, पर दाणं कुणाचं ऐकत्यात व्हय?"

मागे सुलभा खांबाला धरून उभी होती. ती रडत होती आणि ते अक्काला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला होता.

"गाडी बिघडली हुती का रं?" अक्कानं विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. सोमनाथनंही तेच खरं धरलं असतं, सुलभानंही मला उघडं पाडलं नसतं. पण जिनं मला वाढवलं तिच्याशी आणखी एकदा खोटं बोलण्याचं माझ्यात बळ नव्हतं.

"गाडीला काही झालं नव्हतं, अक्का."

"मग?"

"वीज महाग होती या आठवड्यात. भाव फार चढला होता. उतरायची वाट बघत होतो."

पेट्रोलच्या गाडीच्या काळात तिनं मला पंपावर शिव्या देताना अनेकदा ऐकलं होतं. भाव चढणं, उतरणं तिला समजत होतं.

"लई महाग हुती का?"

"नऊ हजारांचा फरक पडत होता."

"नऊ हजार," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम उतरला. हळूहळू माझ्या लक्षात आलं, तिला माझा राग आला नव्हता. तिला माझी कीव आली होती. "मग सांगायचं न्हाई का रं मला? मी दिलं असतं की."

"अक्का, तसं नाही..."

"तसं न्हाई तर कसं? बहिणीला सांगाय लाज वाटती व्हय तुला? आं? इतका मोठा सायब झाला, आन अडचण आली तर तोंड शिवून बसतोय." मग तिनं सुनेला हाक मारली. "माझ्या ट्रंकेतली कापडी पिशवी आण गं. साड्यांच्या खालची."

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती वाट बघत होती. मीही वाट बघत होतो.

अक्कानं पिशवी मांडीवर घेतली. नोटा एकेक करून बोटांनी चाचपल्या, लहान-मोठ्या वेगळ्या केल्या, सुनेला विचारून खात्री करून घेतली. ज्वारीचे पैसे असतील, दाजींच्या मागे सोमनाथ तिच्या हातावर ठेवत होता ते असतील. नऊ हजार पुरे भरले नाहीत. साडेआठ भरले.

"एवढं ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. जाताना लागतील. आन पुढच्या बारीला अडचण आली तर नुसता फोन करायचा. पैशापायी यायचं ऱ्हायलं असं पुन्ना न्हाई करायचं, धनू."

नको म्हणायचं तर तिला सगळं सांगावं लागलं असतं. ते नऊ हजार मला कमी पडत नव्हते, मिळत होते. ती मला बघायला थांबली होती तेव्हा मी घरी बसून ते मिळवत होतो. हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला सुचलं नाही, आणि आजही सुचलेलं नाही.

मी हात पुढे केला. तो तिला दिसला नाही. दाराकडे तोंड ठेवूनच तिनं माझं मनगट चाचपून धरलं, नोटा तळहातावर ठेवल्या आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.